राग आला की गूळ

मी रागीट आहे. हे एवढं साधं वाक्य म्हणायला मला तिशी ओलांडावी लागली, कारण आमच्या घरात मला राग येतो हे कुणाला मान्यच नव्हतं. मी चिडले की त्याचा अर्थ एकच, हिची साखर उतरली.

अकराव्या वर्षी मला मधुमेह झाला, पोरांना होतो तो, सुईशिवाय जगू न देणारा. नव्वदीची सुरुवात होती. वडील आधीच गेलेले. आमच्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आई, मी आणि माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा भाऊ. आई रोज सकाळी काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि चहाच्या आधी माझ्या मांडीत टोचायची. घरी रक्त तपासायची सोय नव्हती. लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून नळी तापवायची आणि रंग बघायचा. विटकरी झाला की साखर वाढली, आईचं तोंड उतरलं. पण साखर खाली गेली तर त्या नळीतून काही कळायचं नाही. ते आई माझ्या तोंडाकडं बघून ओळखायची. घाम फुटायचा, ओठ थरथरायचे, मी वसवस करायला लागायचे. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, पोरगी उगाच चिडायला लागली की आधी गोड द्या, बाकीचं मागनं बघू. आईनं सगळं लक्षात ठेवलं, फक्त त्यातलं 'उगाच' सोडून दिलं.

गोड म्हणजे आमच्याकडं गूळ. मावशीच्या गावाला, गडमुडशिंगीला, गुऱ्हाळ लागलं की तिथनं ढेप यायची. आई ती फोडून डब्यात भरायची आणि डबा माझा हात पोचेल असा ठेवायची. मी आवाज चढवला की ती बोलायची नाही, उत्तर द्यायची नाही, उठून खडा आणायची. "आदी ह्ये खा. मग बोल."

आणि मी खायचे! आता तुम्हीच सांगा, तोंडात गुळाचा खडा धरून कोण भांडू शकतं? निम्म्या वेळा तिचं बरोबरही असायचं, हे कबूल केलं पाहिजे. साखर खरंच उतरलेली असायची, गूळ पोटात गेला की पाच-दहा मिनिटांत मला माझीच लाज वाटायची. पण निम्म्या वेळा तसं नसायचं. बारावीनंतर पुण्याला जाऊन कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स करायचा मी हट्ट धरला. "तिथं तुला कोन बघनार?" म्हणून आईनं नाही म्हटलं. मी घर डोक्यावर घेतलं. आईनं गूळ आणला. मी खाल्ला. साखर नको तेवढी चढली, जीभ कोरडी पडली, डोळ्यांवर झापड आली आणि पुण्याचा विषय तिथंच संपला. पुन्हा तो निघाला नाही.

पुढं पुढं माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. मी घरीच ब्लाऊज शिवायला लागले होते. एखादी बाई अस्तराचा ब्लाऊज पाचव्यांदा उसवून मागायची, तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मी काय करायचे? "आलेच हं," म्हणून आत जायचे आणि गूळ खाऊन यायचे. एकदा एक स्थळ आलं, सगळं पसंत पडलं आणि सुईचं कळल्यावर ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. त्या दिवशी मी कुणावर चिडले नाही. सरळ डब्याकडं गेले.

आई गेली तेव्हा भाऊ लग्न होऊन गडहिंग्लजला स्थिरावला होता, त्याचं तिथं दुकान होतं. मी एकटीच राहिले. घर इतकं गप्प झालं की शिलाई मशीन थांबवायला नको वाटायचं. तोपर्यंत बोटातून थेंब काढून साखर मोजायचं यंत्र घरात आलं होतं, पण माझ्या तोंडाकडं बघणारं कुणी नव्हतं. तुझ्या ओठांना काय झालंय, असं कुणी विचारलं नाही की मला पत्ता लागायचा नाही. मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी शेजारच्या भाभी ओढणीच्या काठाला बीडिंग लावून घ्यायला आल्या, तर मी मशीनच्या पायडलशेजारी पडलेली. त्यांनीच तोंडात साखर कोंबली, रिक्षा बोलावली.

दवाखान्यात भाऊ आला. "आक्का, आता बास. गडहिंग्लजला चल."

"मी न्हाई येणार."

"मग एकटी मरनार हाइस व्हय?"

मला त्याच्या घरात एका कोपऱ्यातली कॉट व्हायचं नव्हतं. माझी गिऱ्हाइकं इथं, माझं मशीन इथं, माझ्या दाराची कडी माझ्या हातात. डॉक्टरांनीच मधला रस्ता काढला. नवीन पंप आलाय, म्हणाले, इन्सुलिन दिवसभर थोडं थोडं आपोआप सोडतो. त्याच्याबरोबर सेन्सर असतो, तो सारखी साखर मोजतो आणि उतरायला लागली की ओरडतो. भाऊ म्हणाला, "बगू. दिवाळीपर्यंत धड राहिलीस तर रहा. न्हाईतर मी काय ऐकनार न्हाई." मी आईच्या पाटल्या मोडल्या आणि पंप घेतला.

पुण्याहून आलेल्या माणसानं दोन दिवस शिकवलं. पेजरएवढा डबा, त्यातून निघालेली नळी, नळीच्या टोकाची बारीक सुई पोटात. बाजूला सेन्सरची वेगळी चकती, तिनं मोजलेला साखरेचा आकडा डब्यावर दिसायचा. सगळ्यात मोठा प्रश्न, डबा ठेवायचा कुठं? साहेबी पँटला अडकवायला मागं चिमटा होता. साडीवाल्या बाईचा विचार करून तो काही कुणी बनवला नव्हता. मी परकराला आतून खिसा शिवला. मग आकडा बघायचा तर निऱ्या सोडायची पाळी! खिसा उसवून डाव्या कमरेशी वर घेतला, तेव्हा कुठं जमलं.

आणि ते ओरडणं, बया बया! साखर उतरली तर ओरडायचं, चढली तर ओरडायचं, नळी दुमडली तरी ओरडायचं. "ताई, फोन वाजतोय तुमचा," गिऱ्हाईक म्हणायचं. "वाजू दे," मी म्हणायचे आणि आत जाऊन त्याला शिव्या घालायचे. मुडदा बशिवला याचा, जेवू पण देत नाही. पण खरं सांगू? दिवसभरात माझी चौकशी करणारं तेवढं एकच होतं. कधी कधी दोन-दोन दिवस गिऱ्हाइकाशिवाय कुणाशी बोलणं व्हायचं नाही. तेव्हा ते वाजलं की मी "आले, आले" म्हणून उठायचे. फार एकटं वाटायचं. भावाला फोनवर मात्र सांगायचे, झकास चाललंय.

झकास नसलं तरी चाललं होतं. पुन्हा कधी पडले नाही. दिवाळीच्या तोंडावर भाऊ आला. मी मटण केलं होतं, तांबडा रस्सा त्याला आवडतो म्हणून. पोटभर जेवला, हात धुतला, आणि टॉवेलला पुसता पुसता म्हणाला, "घराचं बोललोय एकाशी. नवरा-बायको हाइत, चांगली मानसं. पाडव्यानंतर भाड्यानं येत्यात."

"कुणाचं घर?"

"आपलंच की."

"आणि मी?"

"तू माझ्याकडं. सामान न्यायला टेम्पो सांगितलाय."

मग माझं डोकं फिरलं. टेम्पो सांगितला! मी दिवाळीपर्यंत धड राहिले तरी, मला विचारायच्या आधी! मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, पण बोळातल्या चार खिडक्या उघडल्या. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि हुबेहूब आईसारखा गुळाचा खडा घेऊन आला.

"आदी ह्ये खा, आक्का."

मी खिशातून पंप ओढून काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. "वाच."

"एकशे बारा."

"म्हणजे कसं?"

"बराबर हाय. पन ह्ये धा-पंधरा मिनिटं मागनं दावतंय म्हनं. तूच सांगितलंतंस फोनवर."

मी त्याच्यासमोर बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि मोजायचं यंत्र त्याच्या हातातच दिलं. एकशे अठरा. आता पळवाट राहिली नव्हती. मी म्हटलं, "ही साखर नव्हे, बाबा. ही मी आहे. मी चिडलेय. तुझ्यावर. आता बोल."

आणि मग तो बोलला. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला.

"बोलू? ऐक मग. तुला दवाखान्यात न्हेलं तवा मी आठ वर्साचा हुतो. मला मावशीकडं टाकलं, म्हैनाभर कोन न्यायला आलं न्हाई. माझ्या वाढदिवसाला ह्या घरात कधी शिरा झाला न्हाई, तुला वाईट वाटंल म्हनून. शाळेत पेढा मिळाला तर रस्त्यात हुबं राहून खायाचा, तोंड पुसून घरात यायाचं. तू वरडायचीस, आई मलाच गप बसवायची, आक्काची तब्येत बरी न्हाई म्हनून. आई जाताना काय म्हनली म्हाईत हाय? 'आक्काला बग.' एवढंच. मी कसा हाय, ते न्हाई इचारलं. आन मी बगतोय तर तू माझ्यावरच..."

मला आत्तापर्यंत वाटायचं, या घरात गप्प बसवलेलं माणूस एकच होतं.

त्यानं गुळाचा खडा ताटात टाकला आणि चप्पल घातली. "रहा हितंच. टेम्पोवाल्याला नको म्हनून सांगतो." मी हाक मारली तोवर तो बोळाच्या टोकाला गेला होता, एस्टी स्टँडच्या दिशेला. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

घर माझं राहिलं. जे पाहिजे होतं ते मिळालं. हुंदका आला तसा हात सवयीनं कमरेशी गेला आणि मी आकडा बघितला. अजून एकशे बाराच. मग मी दार लावून घेतलं आणि रडले.