करंगळीवरचा शेक

आठव्या महिन्यात बाळ पोटात पाय खाली करून ठाण मांडून बसलं होतं. अबू धाबीच्या इस्पितळातल्या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "फिरलं नाही तर ऑपरेशनसाठी दुबईला न्यावं लागेल." तेव्हा, एकोणीसशे सत्तरच्या सुमारास, दुबईचा रस्ता म्हणजे नुसती वाळू आणि खारट चिखल. मी पहिलटकरीण, पुरती घाबरले.

माझा नवरा जपानी तेल कंपनीच्या कॅम्पवर कंपाउंडर होता. तिथला जपानी डॉक्टर इंजेक्शनं, गोळ्या देणारा, पुरता शिकलेला. पण त्याच्या कपाटात त्यांच्याकडची झाडपाल्याची जुनी औषधंही असायची. तो म्हणाला, पायाच्या करंगळीला शेक दिला की कधीकधी बाळ फिरतं, देऊन पाहू, मात्र डॉक्टरीणबाईंची परवानगी हवी. बाईंनी भुवया उंचावल्या, त्याला चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "द्या. पण दर आठवड्याला मला दाखवायचं."

त्याने वाळलेली पानं कुटून कापसासारखी केलेली बारीक गोळी माझ्या करंगळीवर, नखाशेजारी ठेवून पेटवली. दवण्याच्या जवळपासचा वास आला.

"गरम?" त्याने विचारलं. हिंदीतला तेवढाच शब्द त्याला येत होता.

चटका बसत होता, तरी मी मानेनेच नाही म्हटलं. लहानपणी रत्नागिरीला काविळीवर मला डागलं, तेव्हा दात आवळून बसले म्हणून घरभर कौतुक झालं होतं. परक्या पुरुषासमोर मी कसली ओरडते! सोबत आलेल्या सासूबाईही "शाब्बास" म्हणाल्या. फोड आला तेव्हा डॉक्टरचा चेहराच उतरला.

"अगो, हे डागणं नव्हे," नवऱ्याने समजावलं. "गरम लागलं की गोळी लगेच उचलायची. सोसून काही मिळत नाही यात."

मला रागच आला. आयुष्यभर सोसायला शिकवलं, आणि आता म्हणे बोल!

दुसऱ्या दिवशी घरी नवऱ्याने दुसऱ्या पायावर गोळी ठेवली आणि मी "गरम! गरम!" असा गलका केला की शेजारीण धावत आली. सासूबाई आधी ओशाळल्या, मग खो खो हसल्या. पुढे तर माझ्याआधी त्याच ओरडायच्या.

आठवड्याने इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं. "फिरलंय. कधीकधी बाळं आपोआपही फिरतात," त्या म्हणाल्या. जपानी डॉक्टरनेही नंतर तेच सांगितलं. कुणामुळे का होईना, मला त्याचं काही नव्हतं. बाईंनी माझा हात धरून ओटीपोटावर दाबला, आणि माझ्या लेकीचं डोकं पहिल्यांदा माझ्या हाताला लागलं.