दहिवलीतला खोकला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझे बाकीचे सगळे अवगुण तोंडपाठ आहेत. तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीटसं कळलेलं नाही.

लढाईचे दिवस होते. कागद मिळता मिळत नव्हता. माझ्या प्रकाशकाने खटपट करून माझ्या कादंबरीपुरता कागद मिळवला आणि बजावलं — दिवाळीच्या आत हस्तलिखित आलं नाही, तर हा कागद दुसऱ्याच्या पुस्तकाला जाईल. कादंबरी तर निम्मीच झाली होती. पुण्याच्या घरात लिहिणं अशक्य. म्हणून गणपती उरकताच मी कर्जत गाठलं आणि नदीपलीकडे, दहिवलीत, सीताबाईच्या घराला लागून असलेली खोली घेतली. सीताबाई विधवा. थोडी भातशेती, आणि लग्नाला आलेली एक मुलगी, गंगू. माझं जेवणही सीताबाईच करून देणार होती.

एकांत? कसला एकांत! पुण्याचा लेखक आलाय म्हटल्यावर शाळा सुटली रे सुटली की हेडमास्तर हजर. त्यांच्यामागून पोस्टमास्तर, वकील, वकिलांचे पाहुणे. कुणाला आपल्या कविता वाचून दाखवायच्या असत, कुणाला माझ्या मागच्या कादंबरीचा शेवट पटलेला नसे. घासलेट मोजकंच मिळे, म्हणजे उजेड आहे तोवरच लिहायचं — आणि सगळा उजेड ही मंडळी खाऊन टाकत.

तेव्हा एके दिवशी मी हेडमास्तरांसमोर छातीवर हात ठेवला, डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय म्हणालो, आणि थोडासा खोकलो. बस्स. आजाराचं नावसुद्धा घेतलं नाही — तेवढी हुशारी माझ्यात होती. त्या काळी क्षय म्हटलं की लोक रस्ता बदलत. आठवडाभरात माझ्या दाराशी चिटपाखरू फिरकेना. खरं सांगू? मला फार मजा वाटली.

सीताबाई मात्र यायची थांबली नाही. उलट शेळीचं दूध आणू लागली, अडुळशाचा काढा करू लागली. तो कडूजहर काढा मी तिच्यासमोर घोटाघोटाने पीत असे आणि ती गेली की पुन्हा लिहायला बसे. पानं भराभर होत होती. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

गंगूचं लग्न ठरलंय, हे मला ठाऊक होतं. खालापूरकडचं घर, सुपारी फुटलेली, माघात लग्न. दसऱ्याच्या सुमारास मुलाचा बाप आला. ओटीवर बसला नाही, पाणी घेतलं नाही, अंगणातूनच बोलला. माझी खिडकी उघडी होती; मला शब्द न् शब्द ऐकू आला. माणूस वाईट नव्हता. क्षयाच्या रोग्याची भांडी ज्या घरात घासली जातात तिथली मुलगी आम्ही कशी न्यायची, असं त्याचं म्हणणं. आजच्या आज त्याला बाहेर काढा, लग्न ठरल्याप्रमाणे होईल, म्हणाला.

त्याला तिथेच थांबवून सीताबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“भाऊ, येक इचारते, राग मानू नका. तुमचं ह्ये दुखनं — खरंच हाय का?”

कळलं ना, तिने काय विचारलं? खरं नसेल, तर मला जा म्हणायला ती मोकळी होती. एक ‘नाही’ पुरे होतं. मग सगळं कर्जत मला लबाड म्हणालं असतं, खोली सोडावी लागली असती — आणि शेवटची प्रकरणं राहिली होती. मी विचार केला. हो, केला, घाईत घडून गेलं असं म्हणायची मला सोय नाही. मग तोंडावर रुमाल धरला आणि खोकलो.

ती आत आली. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“ऱ्हावा मग. आजारी मानसाला मी कुटं घालवू?”

बाहेर जाऊन तिने त्या माणसालाही तेच सांगितलं. तो गेला. आतल्या घरात गंगू रडायला लागली, तेव्हा मी खिडकी लावून घेतली. मला लिहायचं होतं.

पुस्तक वेळेवर निघालं. त्यातल्या माणुसकीबद्दल लोक अजून बोलतात. पुढच्या वर्षी गंगूला नेरळकडच्या एका बिजवराला दिली. पहिलीची मुलंही होती त्याला. हेडमास्तर पुण्यात भेटले तेव्हा त्यांनी सांगितलं. मी ‘अरेरे’ म्हणालो.

मी दहिवली सोडली त्या दिवशी सीताबाई स्टेशनपर्यंत आली होती. माझी वळकटी तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली — आजाऱ्याने ओझं उचलू नये म्हणून. मी तिच्या मागून मोकळ्या हातांनी चालत होतो. मी गाडीत बसल्यावर तिने विचारलं, आता बरं वाटतंय ना? मी म्हणालो, तुमच्या काढ्याने अगदी बरा झालो. कितीतरी दिवसांनी ती हसली. पोरीचं लग्न मोडलं, पण एक जीव वाचला, असंच तिला वाटलं असणार. तिने देवाला हात जोडले. गाडी हलली तरी ती तशीच उभी होती, आणि मी, धडधाकट माणूस, खिडकीतून तिला हात करत होतो.