मार्कीजच्या कासेखालची दोन वासरे

लेओनी व्हेर्नोलविषयी फ्रान्समधल्या ओब्जा गावाच्या परिसरात पुष्कळ सांगितले जाते. त्यातले निम्मे मी सोडून दिले आहे. ती वासरांना रोज कच्ची अंडी पाजत असे, हे तिने स्वतःच हसून उडवून लावले होते: "अंडी खायला माझ्या घरात माणसं नव्हती का?" जे उरते ते मात्र दोघा-तिघांच्या सांगण्यात जुळते.

तांबूस गाई आणि एका वेळी दोन-तीन वासरे, एवढाच तिचा पसारा. सकाळ-संध्याकाळ ती एकेका वासराला गोठ्यातल्या अंधाऱ्या कप्प्यातून सोडी, आईखाली पाजी आणि आईची कास रिकामी झाली की 'मावशी'खाली लावी. दुसरीच्या वासराला पान्हा सोडणाऱ्या गाईला तिथे मावशीच म्हणतात. पोट भरले की वासराच्या तोंडाला पुन्हा मुसके. कारण वासराने काडी चघळली तर मांस लाल होते, फार चालले तरी होते. ते आयुष्य आखूड आणि अंधारे असे. लेओनीने ते कधी गोड करून सांगितले नाही. "थोडं जगतं, पण एक वेळ उपाशी राहत नाही," एवढेच म्हणे. त्या दुधावर वाढलेले फिकट गुलाबी मांस ईस्टरच्या रविवारी पांढऱ्या रश्शात शिजते, तेव्हा जवळच्या ब्रीव्ह शहरातली घरे त्याखेरीज काही मागत नाहीत.

१९७१ साली ईस्टरच्या गुरांच्या जत्रेला काही आठवडे उरले असताना तिची दुभती गाय ओला लसूणघास खाऊन पोटफुगीने मेली. मावशी आधीच आटलेली. गोठ्यात त्या वर्षीचे एकच वासरू हंबरत होते. त्याचे मांस फिकट राहिले नाही, तर खाटीक देल्मास पुढच्या वर्षी तिच्या दाराशी गाडी वळवणार नव्हता.

शेजारचा सूर्झाक कुंपणापाशी आला. जत्रेत तो तिचा जुना प्रतिस्पर्धी.

"पावडरचं दूध पाज, लेओनी. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! आणि तुझ्या डोक्यात काय, पावडरच भरलीय?"

"मग माझी मार्कीज ने. पण लाथ मारते हं, आधीच सांगून ठेवतो."

त्याने गाय का देऊ केली, याची दोन उत्तरे मला मिळाली. सूर्झाक म्हणे, तिचे तोंड बंद करायला. लेओनी म्हणे, पावडरचे बोलल्याची लाज वाटून. निर्णय मी देत नाही.

मार्कीज आली. गाईने चाटून आपलेसे करावे म्हणून लेओनीने वासराच्या पाठीवर मीठ चोळले. गाईने ते सगळे चाटून घेतले आणि वासरू सडाला तोंड लावताच त्याला भिंतीवर उडवले. दुसऱ्या खेपेलाही तेच. पान्हा येईना.

"तिला तिचं स्वतःचं पोर दिसायला हवं," लेओनी म्हणाली.

"म्हणजे माझं वासरू इथे आणू? दिवसातून दोनदा? चालून चालून त्याचं मांस लाल होईल, बाई!"

"चालवायला कोण सांगतंय? ट्रॉलीत घालून आण."

सूर्झाकने तोंडभर शिव्या दिल्या आणि ट्रॅक्टर काढला. त्याचे वासरू एका बाजूला लुचू लागताच मार्कीजने पान्हा सोडला. लेओनीने आपले वासरू दुसऱ्या बाजूने हळूच आत सारले. गाईने मान वळवली, हुंगले, आणि पाय उचलला नाही. मग जत्रेपर्यंत सकाळ-संध्याकाळ ती ट्रॉली येत राहिली. दोन वासरे ढुशा देत दूध वाटून घेत, आणि सूर्झाक दारात पाठमोरा उभा राही. आपल्या वासराच्या वाट्याचे दूध दुसऱ्याच्या तोंडी जाताना त्याला बघवत नसे.

जत्रेत देल्मासने लेओनीच्या वासराची खालची पापणी उलटली. आत लालीचा मागमूस नव्हता, म्हणजे मांसही फिकट. शेपटीचा बुडखा चाचपला, चरबी भरलेली. "हे माझं," तो म्हणाला. मग सूर्झाकच्या वासराकडे वळला. पापणी तशीच फिकट, पण शेपटीपाशी बोटांना हाड लागले.

"अंगात भरलं नाही, सूर्झाक. या खेपेला नको."

सूर्झाकने वासराचे दावे सोडायला घेतले.

"ए देल्मास, थांब," लेओनी म्हणाली. "त्या हाडावर जे चढायचं ते माझ्या वासराच्या अंगावर चढलंय. एकाच गाईचं दूध आहे. न्यायची तर दोन्ही ने, नाहीतर माझंही राहू दे."

"अगं बये, ईस्टर तोंडावर आलाय! धमकी देतेस?"

"देते."

"मी सांगितलं का तुला वकिली करायला?" सूर्झाक खेकसला.

"तू गप्प बस. दावं धर नीट, चालायला लागेल ते."

देल्मासने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग पुन्हा एकदा सूर्झाकच्या वासराची पापणी उलटली, जरा जास्त वेळ पाहिली आणि गाडीची मागची फळी खाली टाकली.

"चढवा दोन्ही," तो म्हणाला.