बाबांनी कडी लावलेलं राणीचं नाणं

माझ्या बापानं तीस वर्षं शोधलेलं नाणं स्वतःच्या हातानं बिघडवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगते.

बाबा सोनार. अहेरीच्या बाजारात दुकान. लोक जुनी चांदी मोडायला आणायचे आणि बाबा मुशीत टाकण्याआधी एकेक नाणं भिंगाखाली धरायचे. युरोपचं निघालं की त्या दिवशी जेवणाची शुद्ध नसायची.

अशी नाणी ते विकत घेऊन एका डब्यात जमवायचे. त्या डब्याला आई सवत म्हणायची.

सगळ्यात लाडकी ऑस्ट्रियाची राणी. तिचा चेहरा कोरलेलं मोठं, जाड चांदीचं नाणं. साल १७८०.

"राणी त्याच साली मेली," बाबा सांगायचे. "पण नाणं बाहेरदेशी इतकं चाले का टाकसाळीनं सालच बदललं नाई. शंभर वर्षानं पाडलं तरी १७८०च."

म्हणून त्यांना राणीच्या हयातीतलं हवं होतं. १७८० च्या आधीचं.

नियम कडक. नाणं जसं आलं तसंच ठेवायचं. मी एकदा दिवाळीला त्यांची नाणी चिंचेनं घासून लख्ख केली, तर दोन दिवस अबोला. जुनेपणाच गेला म्हणे.

मग एका बाजाराच्या दिवशी आलापल्लीकडची एक बाई आली. पोरीचं लग्न होतं. आईच्या माळेतले रुपये मोडून तोरड्या करायच्या होत्या.

माळेच्या मधोमध राणी. तारेच्या वेढ्यात बसवलेली. कुठं भोक नाही, डाग नाही.

साल १७७३.

बाबांनी भिंग पुसून साल पुन्हा वाचलं. मी समोरच होते.

"याले फक्त कडी लावून द्या भाऊ," बाई म्हणाली. "तार घडीघडी निसटते."

बाबांनी खरं तेच सांगितलं. "बाई, हे लय जुनं हाय. चांदीहून जास्त मोलाचं. मले विका, तोरड्या फुकट करून देतो."

बाईनं नाणं परत हातात घेतलं. "मायनं घातलं, म्या घातलं. आता पोरगी घालन."

"पण कडी लावली का याची किंमत जाते."

"इकाचंच नाई, तं किंमत कायची भाऊ?"

 

बाबांनी शेवटचं एकदा भिंगातून राणी पाहून घेतली. मला दाखवली. मग कडी जोडून दिली, इतकी साफ की जोड शोधावा लागेल.

संध्याकाळी नाणेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःच सगळं लिहिलं. लोकांनी धुतलं त्यांना. एकानं तर अडाणी म्हटलं. बाबा ते मेसेज आईला मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि वरून चहा मागत होते.

मला मात्र खूप दिवस वाईट वाटत राहिलं. इतकं जवळ आलेलं नाणं.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी विचारलंच.

"बाबा, त्या नाण्याचा पस्तावा होते का?"

"रोज होते," म्हणाले.

आणि इतके मस्त हसले की आई आतून बघायला आली.

बाबा, जिथं असाल तिथं असेच खुशीत राहा. तुमच्या लेकीचा नमस्कार.