दाजींनी पाहिलेली फुलं

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लूमच्या कारखान्यात मिस्त्री आहेत. जगातलं कुठलंही यंत्र आपल्या हाताला वश आहे, असा त्यांचा समज. एका रविवारी ते गोडादऱ्याला आमच्याकडे जेवायला आले. मी भाजी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. डिस्कचे दोन भाग सारख्याच आकाराचे. त्यांनी आधी चुकीचा फॉरमॅट केला, मग बरोबरचा. त्या चुकीच्या भागात माझी आठ वर्षांची साड्यांची डिझाइनं होती. तेवढ्यावरच माझं पोट चालतं.

माझा चेहरा पाहून दाजी म्हणाले, "फुलंच ना ती! परत काढशी."

मी तोंड उघडणार तोच आईने स्वयंपाकघरातून दटावलं, "जवाई शेतस त्या. काही बोलू नको." आमच्यात जावयाला उणा शब्द बोलत नाहीत. मी शेवभाजी वाढली, वर तर्रीही वाढली. मनात मात्र त्यांना जितक्या शिव्या दिल्या तितक्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

कॉम्प्युटर मी लगेच बंद केला. पुसलेल्या भागावर नवीन काही लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं, एवढं मला ठाऊक होतं. डिस्क काढून मैत्रिणीच्या कॉम्प्युटरला जोडली आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. दोन दिवस ते चालत होतं. पण जवळजवळ सगळं परत आलं! फक्त नावं गेली होती. फोल्डर नाहीत, नुसते आकडे, आणि त्या आकड्यांमागे हजारो फुलं, वेली, कोयऱ्या.

त्यात दाजींचे वडीलही होते.

पुढच्या आठवड्यात दाजी आले ते उतरलेल्या तोंडाने. फोन भरला म्हणून त्यांनी मागे कधीतरी मला न विचारता आपले फोटो माझ्या डिस्कवर टाकले होते आणि फोनमधून काढून टाकले होते. "मन्हा बापना फोटो व्हतात त्यामा," ते हळूच म्हणाले. वडील वर्षापूर्वी गेले होते.

मोबाइलच्या फोटोच्या फाइलमध्ये फोनची खूण असते, त्यामुळे ते वेगळे काढायला दोन मिनिटं लागतात. ते मी आदल्याच दिवशी काढून ठेवले होते. दाजींना सांगितलं नाही. जावयाच्या मानाने त्यांना गादीची खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा ठेवला आणि म्हटलं, "सगळं मिसळलंय, दाजी. एकेक उघडून बघावं लागेल."

ते बघत बसले. फूल, फूल, वेल, पुन्हा फूल. दुपारपर्यंत त्यांचे डोळे लाल झाले. मी शेजारी बसून मटार सोलत होते आणि खोटं कशाला बोलू, इतका गोड मटार मी कधी खाल्ला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी हात टेकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतली काढी तू? चुकनं मन्हं."

इथे माझं मन विरघळायला हवं होतं. फोटो द्यायला हवे होते. आईनेही दारातून तसंच पाहिलं माझ्याकडे.

"अजून निम्मी राहिलीत," मी म्हटलं. "उद्या सकाळी लवकर या, दाजी. आणि डबा घेऊन या."