आडवळणी इंग्रजीचे सरळ बागवान सर

आदरणीय यासीन बागवान सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्यावर लिहिण्याचा मान मला मिळाला, पण सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या पायांतल्या मोज्यांमुळे झाली, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं.

कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी आठवीत होते. सहामाहीत इंग्रजीत जेमतेम पास झाले. सरांनी प्रगतिपुस्तकावर इंग्रजीत शेरा लिहिला, 'मस्ट पुल अप हर सॉक्स.' वडिलांनी तो दवाखान्यातल्या कंपाउंडरला दाखवला. त्याने शब्दाला शब्द लावून सांगितलं, "पोरीनं मोजे वर ओढले पाहिजेत."

"तिला मोजंच न्हाईत, तर वर काय वढंल?" वडील म्हणाले आणि आठवडे बाजारातून लोकरीचे दोन जोड घेऊन आले. त्या वेळी आमची अख्खी शाळा चपलेवर यायची. मी ऑक्टोबरच्या उन्हात लोकरी मोज्यांवर अंगठ्याची चप्पल चढवून, घसरत घसरत वर्गात पोचले. दर दहा मिनिटांनी मोजे वर ओढत होते. सरांनी विचारलं, "बेटा, पायाला काही झालंय का?"

"नाही सर. तुम्हीच लिहिलंय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. शाळा सुटल्यावर ते आमच्या घरी आले आणि उभ्याउभ्याच वडिलांना म्हणाले, "भानुदासराव, चूक माझी आहे. तिनं जोर लावून अभ्यास करावा, एवढंच मला म्हणायचं होतं."

"मग तसंच लिवायचं की सर! मोजं धुंडीत आमी सगळा बाजार पालथा घातला."

एका शिक्षकाने शेतकऱ्याच्या दारात येऊन चूक कबूल करावी, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं. त्या दिवसानंतर सरांनी सगळे शेरे मराठीत लिहिले. वर्गातही नियम झाला : इंग्रजीतला वाक्प्रचार फळ्यावर आला, की त्याला आपल्या गावातली जोड शोधायची. 'वन्स इन अ ब्लू मून' आलं तेव्हा आम्ही निळ्या चंद्राची वाट बघत बसलो नाही. "सठीसहामाशी!" असं मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि सरांनी त्याला पुढे बोलावून पाठ थोपटली.

सरांच्या घरी मात्र हा नियम उशिरा लागू झाला. निवृत्तीनंतर गावातली काही मंडळी त्यांना पतसंस्थेच्या निवडणुकीला उभं राहण्याचा आग्रह करायला गेली. सर हात जोडून म्हणाले, "छे, छे, दॅट इज नॉट माय कप ऑफ टी." निवडणूक हा आपला प्रांत नव्हे, असं त्यांना म्हणायचं होतं. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पत्नी झुबेदाचाची चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होत्या. त्यांनी सगळ्यांना कप दिले, सरांचा कप तसाच आत नेला आणि पुढचे दोन दिवस घरात सरांसाठी चहा केला नाही. "त्यांचा न्हाई म्हणाले ना? मग कुणाचा हाय ते त्यांनाच विचारा," असं त्यांनी मला ऐकवलं. सर निवडणुकीतून सुटले, पण चहासाठी दोन दिवस स्टँडवर जात होते.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिते आहे, तो सांगते. माझा थोरला भाऊ दत्ता आखाती देशात एका कंपनीत ड्रायव्हर आहे. दहा वर्षांपूर्वी त्याचा फोन अचानक लागेनासा झाला. मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि घरात त्याचा पुरेसा तोरा मिरवत होते. मी कंपनीला ईमेल केली. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. दत्ता 'नॉट आउट ऑफ द वुड्स येट' आहे आणि 'वुई विल कीप यू पोस्टेड.'

मी घरच्यांना सांगितलं, "दादा जंगलात आहे. अजून बाहेर आलेला नाही."

"तिकडं तर नुसती वाळू हाय म्हनत हुता," वडील म्हणाले. "जंगल कुठनं आलं?"

मी घाईघाईने दुसरी ओळ सांगितली, "ते पोस्टाने काहीतरी पाठवणार आहेत."

आई मटकन खाली बसली. "पोस्टानं काय पाठिवनार हायेत गं? माझं लेकरू कुठं हाय?"

तेव्हा माझी पदवी कुठल्या कुठे गेली. मी सरांना फोन केला. त्यांनी मेल शब्द न् शब्द वाचून घेतली आणि म्हणाले, "मी येतो." गुडघे धरलेले असतानाही ते रिक्षाने आले. वडिलांच्या शेजारी बसून त्यांनी मेल स्वतः वाचली.

"गोड करून सांगू नका सर," वडील म्हणाले.

"नाही करणार. जंगल नाही, पोस्टही नाही. तो आजारी असावा आणि धोका अजून टळलेला नाही. पण तो आहे, भानुदासराव. पुढचं ते कळवत राहणार आहेत."

एवढं स्पष्ट ऐकल्यावर आई रडली, पण रडून झाल्यावर उठून तिने चूल पेटवली. सरांनी माझ्याकडून मेल लिहून घेतली : काय झालंय, कुठल्या दवाखान्यात आहे, कृपया सोप्या इंग्रजीत लिहा. उत्तर आलं. अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं होतं. त्याबद्दलची पहिली मेल आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. पुढचे चार दिवस सर रोज येत, नमाजाची वेळ झाली की आमच्या ओसरीवरच चटई अंथरत. आई त्या वेळी मांजरालाही आवाज करू देत नसे.

पाचव्या दिवशी मेल आली, 'ही इज राइट ॲज रेन.' पुन्हा तीच चूक नको म्हणून मी मुकाट्याने फोन सरांकडे दिला. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले. "पावसासारखा ठणठणीत आहे म्हणतात."

आईने संशयाने विचारलं, "आपल्याकडं पाऊस कदी ठनठनीत असतो वं सर? धड येत न्हाई, आला तर कांदा सडवतो."

सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "ताई, हा इंग्रजांकडचा पाऊस. वेळेवर येणारा. दत्ता बरा झाला!"

आज मी नगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. एखादा अर्थ येत नसेल तर 'मला माहीत नाही, उद्या विचारून सांगते' असं वर्गासमोर म्हणण्याची लाज मला वाटत नाही. विचारायला कुणाकडे जायचं हे मला ठाऊक आहे.

या लेखाच्या शेवटी कोणत्या शुभेच्छा लिहू, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, तुमी शंभर वर्सं धडधाकट ऱ्हावा. अन् हे मराठीत लिही बाई. सरांना अर्थ लावत बसायला नको."

सर, आईचं म्हणणं जसंच्या तसं आपल्या चरणी ठेवते.