दत्तूचा मासा आणि माझी हळद

समुद्राचा मासा सोलापुरात एक दिवस सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, आणि दिवस मावळायच्या आत मी तो हरवला. काचेच्या बरणीतून!

माझा मेहुणा दत्तू रत्नागिरीच्या एका प्राध्यापकांसाठी मासे गोळा करायचा. बोटाएवढा एक मासा हैदराबादच्या कॉलेजात पोचवायला निघाला, तो वाटेत आमच्याकडे उतरला. त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला सुशीलाला, सातवा महिना होता, तिला भेटायला. दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला दर्शनाला जाताना त्यानं बरणी माझ्या हवाली केली. हा मासा खडकाजवळच्या वाळूत बीळ करून राहतो, म्हणून बरणीतही वाळू आणि खडे घातलेत. त्याला हात लावू नका, फक्त अर्ध्या अर्ध्या तासानं पळीनं पाणी उचलून वरून ओता, म्हणजे त्याला हवा मिळते, असं त्यानं बजावलं.

मी शाळामास्तर. (सूचना देण्याची सवय, पाळण्याची नाही.) तरी पळी हलवत बसलो. शेजारचे नरसय्या हातमागावरून उठून आले.

"काय ओ मास्तर, कुणाचा अभिषेक चाललाय?"

दिवसभर मासा बिळातून डोळ्यांपुरतं डोकं काढून आमच्याकडे बघत होता. दिवेलागणीला पाहतो तर बरणी रिकामी. मी तडक नरसय्यांच्या मांजरीवर आळ घेतला. ती बिचारी सुताच्या ढिगात झोपलेली. नरसय्यांनी येऊन बरणीत एकदा पाहिलं आणि बोट दाखवलं. माशानं बिळाच्या तोंडावर खडा ओढून दार लावलं होतं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण खात्री करायला मी काडीनं खडा सरकवला. मासा वर आला, तर त्याचे गाल टम्म फुगलेले. गालगुंड, मी निदान केलं. सुशीला नको नको म्हणेपर्यंत चिमूटभर हळद पाण्यात पडली होती.

पाणी पिवळं झालं. मासा बिळात गेला, तो वर येईना. सुशीला पोटावर हात ठेवून बरणीपाशी बसून राहिली.

दत्तू आला, त्यानं कपाळावर हात मारला आणि सोबतच्या डब्यातलं समुद्राचं पाणी काढून बरणीतलं बदललं. आम्ही बरणीपाशीच ताटं घेऊन बसलो. बऱ्याच वेळानं वाळू हलली, आणि ते फुगलेले गाल पुन्हा वर आले.

"आजारी नाही तो," दत्तू म्हणाला. "बाप आहे. अंडी तोंडात धरून बसलाय. पिल्लं निघेपर्यंत धड जेवायचासुद्धा नाही."

सुशीला दिवसभरात पहिल्यांदा हसली आणि वळून माझ्याकडे बघू लागली. माझंही तोंड तेव्हा भरलेलंच होतं. तिसऱ्या भाकरीनं.